वेदीच्या कपड्यांचं पहिलं पाणी

आमच्या चर्चच्या स्मरणिकेत माझ्या आईवर एक ओळ आहे. 'सुरुवातीच्या काळात स्थानिक भगिनींनी वेदीच्या वस्त्रांची सेवा केली.' संपलं. भगिनी एकच होती, तिला हात दोनच होते आणि ती जे करायची त्याला धुणं म्हणतात. 'सुरुवातीचा काळ' म्हणजे तिचं लग्न झाल्यापासून गुडघे जाईपर्यंतचं आयुष्य.

इतिहास लिहायचं काम आधी मलाच दिलं होतं. मी चार पानं लिहून दिली. समितीचे अध्यक्ष, कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ, पानं परत देताना म्हणाले, "मॅडम, लिहिलंय छान. पण यात हिस्ट्री कमी आणि धुणी जास्त आहेत." मग त्यांनी स्वतः हिस्ट्री लिहिली. कोणते फादर कधी आले, जागा कोणी मिळवून दिली, पायाभरणीला कोण होतं. रंगीत फोटो आहेत. ठीक आहे. आता मी माझी लिहिते. यात धुणीच आहेत.

दौंड रेल्वेचं जंक्शन असल्यामुळे तिथं कॅथलिक लोक जुने. गार्ड, ड्रायव्हर, फिटर. कोणी गोव्याकडचे, कोणी तमिळ. फादर दौंडला राहायचे. शिरूरला जुन्या मिशनमुळे मराठी ख्रिस्ती पिढ्यानपिढ्या होते, पण ते प्रोटेस्टंट, त्यांचं देऊळ, म्हणजे चर्च, वेगळं, रीत वेगळी. कॅथलिकांची घरं पाच. माझे वडील नगरकडून शिरूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक म्हणून आले, त्यातलं एक घर आमचं. महिन्यातल्या एका रविवारी दौंडचे फादर मोटारसायकलवरून चौफुला, न्हावरा करत यायचे, धुळीने पांढरे झालेले, आणि आमच्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, व्हायची. वेदी म्हणून शेजारच्या काकूंचं टेबल आणायचो. काकू प्रोटेस्टंट. टेबल देताना दर महिन्याला ऐकवायच्या, "तुमचा फादर मेणबत्त्या सांडून ठेवतो त्याच्यावर. आमचा पाळक काही सांडत न्हाई."

आई म्हणायची, "तुमच्या पाळकाकडं सांडायला हाय काय?"

दोघी हसायच्या आणि टेबलाचं एकेक टोक धरून आणायच्या. टेबल एकाही महिन्याला चुकलं नाही.

मिस्सा झाली की फादर चहा पिऊन निघायचे आणि वेदीचे कपडे आईकडे ठेवून जायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस हे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, अशी आमची श्रद्धा आहे. खूण म्हणून नाही, खरोखर. प्याला ज्या रुमालाने पुसतात त्याला एखादा थेंब लागलेला असतो. प्याल्याखाली जो चौकोनी कपडा पसरतात त्यावर एखादा कण राहिलेला असतो. म्हणून हे दोन कपडे सरळ साबणात घालत नाहीत. आधी साध्या पाण्यात बुडवून पिळायचे, आणि ते पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही. मातीत ओतायचं, जिथं कोणाचा पाय पडत नाही अशा जागी. त्यानंतर साबण, नीळ, तांदळाच्या पेजेची खळ, इस्त्री, सगळं नेहमीसारखं.

आईकडे यासाठी निळ्या काठाचं पांढरं इनॅमलचं पातेलं होतं. त्यात दुसरं काही केलं जात नसे. पाणी ती परसातल्या कढीपत्त्याच्या मुळाशी ओतायची आणि तिथंच उभी राहायची. पाणी पूर्ण मुरेपर्यंत हलायचं नाही, मग ऊन असो की पाऊस. कोंबडी येऊन चोच घालेल, कुत्रं चाटेल, हा तिचा हिशोब. मी हाताशी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "मुरलं का?" मी "मुरलं" म्हणेपर्यंत जेवायला वाढत नसे.

त्या कढीपत्त्याचं पान आमच्या आमटीत कधी पडलं नाही. झाड मात्र दणकून वाढलं. काकू कुंपणावरून हात घालून खुशाल पानं तोडायच्या. आई रागावली की म्हणायच्या, "आम्ही न्हाई ना मानत ते. मग आम्हाला काय धोका? वास मात्र झकास हाय हां."

पुढं रांजणगावला कारखाने आले आणि पाच घरांची पन्नास, मग किती तरी झाली. केरळचे सुपरवायझर, तमिळ फिटर, मंगळूरकडचे ऑफिसातले लोक, झारखंडचे मजूर. आमच्या खोलीतून लोक रस्त्यावर उभे राहायला लागले तेव्हा कारेगावच्या वाटेवर जागा घेतली आणि पत्र्याची शेड बांधली. आईने कढीपत्त्याच्या मुळाशी आलेला फुटवा माती धरून उपटला, पिशवीत घालून नेला आणि शेडच्या मागच्या अंगाला लावला. पहिली मिस्सा व्हायच्या आधी तो लागला होता. अध्यक्षांच्या हिस्ट्रीत शेडला कोनशिला कोणी बसवली ते आहे. त्याच्याही आधी त्या जागेवर काय रुजलं होतं, ते नाही.

चर्च वाढलं याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः तिथल्याच एका कारखान्यात क्वालिटीला आहे. माणसं आली म्हणूनच मला नोकरी आहे. आता मिस्सा मराठीत होते, इंग्रजीत होते, महिन्यातून एकदा हिंदीत होते. शेडच्या पुढ्यात मोठं चर्च उभं राहिलं, पंखे, पडदा, स्पीकर सगळं आलं. चांगलं झालं. आईचे गुडघे तोवर गेले होते आणि कपडे धुण्याचं सगळं काम माझ्याकडे आलं होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. आम्ही दोघी आता दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो, जिना उतरणं तिला जमत नाही. फादर आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला येतात तेवढाच तिचा चर्चशी संबंध. आणि रविवारी मी घरी पोचले की दार उघडायच्या आत तिचा आवाज: "मुरलं का?"

नवीन चर्चचं उद्घाटन झाल्यावर महिन्याभरात शेड पाडली. पार्किंग हवं होतं. एका रविवारी मी पातेलं घेऊन मागच्या बाजूला गेले तर कढीपत्ता नव्हता. शेडची भिंत नव्हती, माती नव्हती. इथपासून तिथपर्यंत लाल-करडे पेव्हर ब्लॉक, एकदम सपाट. चार गाड्या उभ्या होत्या. मी पातेलं हातात धरून गाड्यांच्या मध्ये उभी राहिले आणि काही क्षण मला ती जागाच सापडेना.

अध्यक्ष बाहेर लोकांशी बोलत उभे होते. मी म्हटलं, "झाड तोडायच्या आधी मला सांगायचं तरी."

"कोणतं झाड?"

"कढीपत्त्याचं."

"अहो मॅडम, कढीपत्ता दहा रुपयाला जुडी मिळतो." मग माझ्या हातातल्या पातेल्याकडे लक्ष गेलं तसे म्हणाले, "अच्छा, त्यासाठी? त्याची तर सोय केलीय आपण. स्पेशल बेसिन बसवलंय आत. पाहिलं नाहीत?"

पाहिलं. वेदीमागच्या खोलीत, जिथं फादर झगा चढवतात, तिथं भिंतीत संगमरवरी बेसिन होतं. पितळी झाकण, झाकणावर क्रूस. असं बेसिन मोठ्या चर्चमध्ये असतं हे मला माहीत होतं. त्याचा पाइप गटाराला जोडत नाहीत, सरळ खाली मातीत सोडतात. म्हणजे आमच्या पातेल्याचंच काम, फक्त उन्हात उभं न राहता. मनात म्हटलं, चला, झाड गेलं, पण यांना एवढं तरी कळलं. मी पाणी बेसिनमध्ये ओतलं. घरी आले. आईने विचारलं, मी म्हटलं, "मुरलं."

असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी झाकण उघडलं आणि फिनेलचा वास आला.

बेसिनमधून फिनेलचा वास येण्याचं काही कारण नव्हतं. फिनेल टाकतात संडासात. बाजूच्या भिंतीपलीकडेच पुरुषांचं स्वच्छतागृह आहे आणि मिस्सेच्या आधी ते धुतात. मी झाकण लावलं, पाणी पातेल्यातच ठेवलं आणि फादरांना विचारलं, "या बेसिनचा पाइप कुठं जातो?"

फादर तरुण आहेत, बदलून येऊन वर्षही झालेलं नाही. म्हणाले, "जमिनीत जात असेल ना? तसाच असतो."

असेल. कारखान्यात मी 'असेल' असं कोणाला म्हणू देत नाही. गळती शोधायची तर रंगीत पाणी सोडायचं आणि ते कुठं निघतं ते डोळ्यांनी बघायचं. मला रंग शोधायलाही जायला नको होतं. कपड्यांची नीळ पिशवीतच होती. मगभर साध्या पाण्यात अख्खी बाटली ओतली आणि फादरांना म्हटलं, "तुम्ही बाहेर चला. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडायला सांगा. मी आतून सोडते."

अध्यक्षही आले. आणखी दोघं-तिघं गंमत बघायला आले. मी आत पाणी सोडलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. स्वच्छतागृहाचं पाणी जिथं येतं त्याच चेंबरमध्ये, मैल्याच्या पाइपाशेजारच्या पाइपातून, निळं पाणी आलं. आधी थोडं, मग भरपूर.

फादरांनी क्रूसाची खूण केली.

अध्यक्ष म्हणाले, "हां, ते मीच जोडायला सांगितलं होतं. ड्रॉइंगमध्ये डायरेक्ट जमिनीत दाखवलं होतं, पण मग भिंतीला ओल धरली असती. बाहेरून भारी दगडाचं क्लॅडिंग केलंय आपण."

ते हे लपवत नव्हते. हेच मला सहन झालं नाही. त्यांना यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारा, ख्रिस्तप्रसाद हातावर घेताना डोळे मिटणारा माणूस. संगमरवर निवडला, पितळेवर क्रूस कोरून घेतला आणि पाइप संडासाला जोडला, का तर भिंतीला डाग पडेल.

मी म्हटलं, "तुमचा विश्वास नसेल तर तसं सांगा. आम्ही नळाखाली धुऊ. पण विश्वास आहे म्हणून बेसिन बसवायचं आणि ते इथं आणून सोडायचं?"

"मॅडम, आवाज खाली. लोक बघतायत."

"बघू दे. त्यांच्यासमोरच निळं झालंय."

फादर मध्ये पडले. "बघू आपण. पावसाळ्यानंतर प्लंबरला बोलावून बघू."

राग मला त्या दोघांचा एवढा आला नाही. माझाच आला. तीन रविवार. हाताखालच्या कोवळ्या इन्स्पेक्टर मुलींना मी रोज सांगते, समोरच्याने 'झालंय' म्हटलं म्हणजे झालं असं नाही, उघडून बघ. आणि मी पितळी झाकण बघून भुलले.

घरी आईला सगळं सांगितलं. तिच्याशी मी खोटं बोलत नाही आणि तीन वेळा बोलले होते, न कळता का होईना. तिने फक्त विचारलं, "किती येळा?"

"तीन."

त्या शुक्रवारी ती जेवली नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्याही नाही. तीन शुक्रवार. साखरेचा आजार आहे, गोळ्या उपाशीपोटी घेता येत नाहीत, हे सगळं मी तिला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "तुला न्हाई म्हनत मी उपास कर." त्यापेक्षा तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्याने पाइप जोडला तो क्लबमध्ये जेवत होता आणि म्हातारी त्याचा उपास धरत होती.

त्या दिवसांत पहिलं पाणी मी बाटलीत भरून स्कूटरवरून न्यायचे. कुठं? फ्लॅटला माती नाही. नदीच्या काठाला कचरा. शेवटी जुन्या घरी गेले. आमच्या खोल्या पाडून घरमालकाने गाळे काढलेत, पण काकूंचं घर आणि परस अजून तसंच आहे. काकू आता वाकल्यात, पण तोंड तसंच.

मी विचारलं, "काकू, तुमच्या परसात ओतलं तर चालेल का?"

"ओत की. आमच्या मातीला काय तुमचं पानी चालत न्हाई व्हय?" मग सगळी हकिकत ऐकून म्हणाल्या, "एवढं मोठं चर्च बांधलं आन् वंजळभर पान्याला जागा न्हाई? आमचं टेबलच बरं व्हतं तुमचं."

मी हसले नाही. कारण ते खरं होतं. जे मानत नाहीत त्यांच्या मातीत जागा होती, आणि आमच्या चर्चच्या स्वतःच्या जमिनीत नव्हती. वाढ, वाढ म्हणून स्मरणिकेत जे छापलंय, ते वाचलं की मला हे आठवतं.

निघताना मी काकूंकडून पहार मागून घेतली.

रविवारी मराठी मिस्सा संपली. कपडे आणि पातेलं घेऊन मी पार्किंगमध्ये गेले. मोजून ठेवलं होतं: कुंपणाच्या तिसऱ्या खांबापासून सात पावलं. तिथं अध्यक्षांची गाडी उभी होती. ते आले तेव्हा मी म्हटलं, "गाडी जरा पुढं घ्या."

"का?"

"खाली काम आहे."

त्यांनी पहार पाहिली. "हे काय चालवलंय? परमिशन घेतलीत?"

"झाड तोडताना कोणाची घेतली होती? गाडी घ्या, नाहीतर मी तिच्या बाजूने खणते. रंगाला काही झालं तर मला सांगू नका."

त्यांनी गाडी घेतली. मी दोन ब्लॉकच्या फटीत पहार घातली आणि जोर लावला. ब्लॉक हलेना. दुसऱ्यांदा लावला, कोपरा फुटला, ब्लॉक तिथंच. लोक जमायला लागले. कोणी तरी मोबाइल काढला. तेवढ्यात झारखंडची एक बाई पुढं आली. कारेगावला खोलीत राहते, आमच्याच कारखान्यात पॅकिंगला आहे, दर हिंदी मिस्सेला सगळ्यांच्या आधी येऊन झाडलोट करते. तिने माझ्या हातातून पहार घेतली.

"दीदी, बीच से नहीं निकलेगा. मैंने दो साल यही काम किया है. किनारे से खोलते हैं."

कुंपणालगत एक अर्धा ब्लॉक होता. तिने तो दोन झटक्यांत उचलला, मग त्याच्या शेजारचा नुसत्या हाताने. मग एकेक करत आम्ही दोघी आतपर्यंत आलो. ती ब्लॉक काढत गेली, तसे मी ते कुंपणाला रचत गेले. तिने मधेच विचारलं, "किसलिए है?" मी पातेलं दाखवलं. ती म्हणाली, "अच्छा. हमारे गाँव में सिस्टर लोग पेड़ के नीचे डालती थीं." आणि पुन्हा कामाला लागली. तिला यापेक्षा जास्त समजावावं लागलं नाही. समितीला चेंबर उघडूनही समजलं नव्हतं.

ब्लॉकखाली क्रशसँड, त्याखाली खडी, त्याखाली मुरूम. कढीपत्त्याचं मूळ कुठं दिसलं नाही. जेसीबीने खरवडून नेलं असणार. हातभर खणल्यावर काळी माती लागली, रोलरने दाबून दगडासारखी झालेली.

फादर झगा काढून आले होते. मला वाटलं, आता हेही परवानगीचं बोलतील. अध्यक्ष त्यांना म्हणाले, "फादर, हे बरोबर नाही. उद्या प्रत्येक जण खणेल. हा विषय समितीत घ्यावा लागेल."

"घ्या," मी म्हटलं. "आणि पाइपाचाही घ्या. पावसाळ्याच्या आत."

फादरांनी खड्ड्यात पाहिलं, मग माझ्याकडे. "कपडे आणलेत?"

"आणलेत."

"मग करा."

मी तिथंच पातेल्यात पाणी घेतलं, रुमाल आणि चौकोनी कपडा बुडवला, पिळला आणि पाणी खड्ड्यात ओतलं. ते तसंच उभं राहिलं. दाबलेल्या मातीवर थाळीत असावं तसं. फादर जागेवरून हलले नाहीत. झारखंडची बाई पहार टेकवून उभी. बाकीचे कंटाळून गाड्या काढायला लागले, अध्यक्षही गेले. ऊन डोक्यावर आलं होतं. इंग्रजी मिस्सेची घंटा झाली तसे फादर म्हणाले, "मला जावं लागेल." मी म्हटलं, "जा. मी आहे."

बराच वेळ लागला. आधी कडेने माती काळी झाली, मग मधलं पाणी आटत गेलं. शेवटी ओल तेवढी राहिली. मी खड्ड्याभोवती चार ब्लॉक उभे लावले, गाडीचं चाक येऊ नये म्हणून. झारखंडच्या बाईला म्हटलं, "पुढच्या रविवारी कपडे तू धुवायचे. मी दाखवते." ती म्हणाली, "मुझे आता है, दीदी." मी म्हटलं, तरी मी बघणार. आता मी सगळंच बघते.

पहार काकूंकडे टाकून घरी पोचले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. किल्ली कुलपात घातली तसा आतून आवाज आला.

"मुरलं का?"

"मुरलं. उशीर लागला. रोलर फिरवलाय त्यांनी."

"उभी व्हतीस?"

"होते."

ताट झाकून ठेवलेलं होतं. तिचंही.